हजेरीपट आणि कोनशिला

गेल्या मार्चमध्ये आमचा प्रकल्प बंद झाला. साडेतीन वर्षं चाललेलं काम होतं. ग्राहकाने दुसरी प्रणाली घेतली आणि आमच्या सर्व्हरचा शेवटचा दिवस ठरला. सॉफ्टवेअरमध्ये हे नेहमीचंच. घर पाडलं तर निदान राडारोडा उरतो, इथे तोही उरत नाही. शेवटच्या दिवशी सगळ्यांचे आभार मानणारी मेल लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण 'तुला लिहायची हौस आहे'. मी अकरा नावं लिहिली, प्रत्येकासाठी एकेक ओळ लिहिली. उत्तरादाखल टाळ्या आणि अंगठे आले. मीही खूश झालो.

दोन दिवसांनी जुन्या नोंदी संग्रहात टाकायच्या होत्या, म्हणून चुकांची यादी उघडली. सुरुवातीच्या दोन वर्षांत पानामागून पान एकच नाव दिसत होतं. कंत्राटावर आलेली एक टेस्टर. दर सहा महिन्यांनी तिचं कंत्राट वाढायचं, एकदा ते वाढलं नाही. माझ्या हातून झालेल्या सगळ्यात महागड्या चुका ग्राहकापर्यंत पोचायच्या आधी तिने पकडल्या होत्या. आणि माझ्या मेलमध्ये तिचं नाव नव्हतं. कुणी गाळायला सांगितलं नव्हतं. मी विसरलो होतो, एवढंच.

त्या शनिवारी गावी गेलो. आमचं गाव इंदापूर तालुक्याच्या जिरायती पट्ट्यात आहे. कालव्याचं पाणी काही मैल अलीकडेच थांबतं. आजीला सांगितलं, "आमचं काम संपलं."

"संपलं म्हंजी? नारळ फोडला का न्हाय?"

"आमच्यात नारळ नसतो आजी. मेल लिहितात."

ती हसली. मग म्हणाली, "आमचा तलाव झाला तवा गूळ वाटला हुता. सायब आलं, फोटू काढलं. आमाला लांब बसवलं हुतं, पर गूळ मिळाला."

हा तलाव म्हणजे गावाबाहेरचा पाझर तलाव, १९७२च्या दुष्काळातला. मी लहानपणी त्यात पोहलोय. आजीने त्याच्या भरावावर माती टाकली होती हे मला माहीत होतं, पण घरातल्या गोष्टी जशा माहीत असतात तसं, म्हणजे कधीच न विचारता. या वेळी विचारलं, "हजेरीवर तुझं नाव होतं का गं?"

"कुणाला ठावं काय लिवलं हुतं. मुकादम म्हणायचा अंगठा कर, मी करायची."

मी इतिहासाचा विद्यार्थी नाही. पण त्या रात्रीपासून एकच प्रश्न घेऊन आमच्या बारामती-इंदापूरच्या मुलखाकडे बघायला लागलो: इथली मोठी कामं संपली त्या दिवशी आभार कुणाचे मानले गेले?

*

सुरुवात कालव्यापासून करावी लागते, कारण या दोन तालुक्यांचं सगळं काही नीरा डाव्या कालव्याच्या अलीकडचं किंवा पलीकडचं असतं. कालव्याच्या आधी हा अवर्षणाचा, सावकारी कर्जात रुतलेला मुलूख होता. १२ मे १८७५ला सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळणारा उठाव पेटला तो सुप्याच्या बाजारात. ते सुपे आज बारामती तालुक्यात येतं. पुढच्याच वर्षी पाऊस गेला आणि १८७६-७८चा मोठा दुष्काळ पडला. नीरा कालव्याचं काम याच दुष्काळात, दुष्काळी काम म्हणून सुरू झालं.

'दुष्काळी काम' हा शब्द आपण सहज वापरतो. त्यामागचा हिशेब भयंकर होता. सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणानुसार दिवसभर माती उपसणाऱ्या माणसाची मजुरी जेमतेम एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे इतकी खाली आणली गेली. १८७७च्या सुरुवातीला मुंबई इलाख्यातले हजारो मजूर ही मजुरी नाकारून कामावरून उठून गेले. उपाशी माणसांनी केलेला हा संप होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, म्हणजे गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या मंडळींनी, गावोगावची माहिती गोळा करून सरकारकडे अर्ज केले. त्याच १८७७च्या १ जानेवारीला दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर करणारा दरबार भरला होता.

कालव्यातून पाणी सुटलं ते १८८५मध्ये. या दोन तारखांमधलं अंतर मला महत्त्वाचं वाटतं. १८७७मध्ये ज्यांनी पहिली कुदळ मारली त्यांच्यातले किती जण ते पाणी बघायला तिथे असतील? दुष्काळी कामावरचा मजूर पाऊस पडला की आपल्या शिवाराकडे परततो, नाहीतर वाटेतच मरतो. समारंभाच्या दिवशी हजर असतात ते शेवटी आलेले लोक. कामाची सुरुवात करणारे तोवर पांगलेले असतात.

माझ्या मेलमध्ये हेच झालं होतं. ती अकरा नावं शेवटच्या दिवशी हजर असलेल्यांची होती.

*

कालव्याला पाणी पुरवणारं धरण भोर तालुक्यात भाटघरला आहे, वेळवंडी नदीवर. तिथे पहिलं धरण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झालं आणि जलाशयाला व्हाइटिंग या इंजिनिअरचं नाव मिळालं. ते पाणी कमी पडू लागलं, म्हणून खालच्या अंगाला त्याहून मोठं धरण बांधलं. ते १९२८मध्ये पुरं झालं. या वेळी नाव दिलं ते मुंबईचे माजी गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांचं. स्वातंत्र्यानंतर तोच जलाशय शिवाजी महाराजांचे शूर सरदार येसाजी कंक यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला.

आधी इंजिनिअर, मग गव्हर्नर, मग सरदार. तिन्ही नावांना आपापलं कारण आहे आणि शेवटचं नाव तर मला मनापासून आवडतं. पण दगड वाहणाऱ्यांपैकी कुणी या यादीत नाही, आणि ज्यांची शेतं जलाशयाखाली गेली त्यांच्यापैकीही नाही.

इंजिनिअर म्हणून मला आणखी एक गोष्ट खटकते. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी नोकरीची पहिली वीस-पंचवीस वर्षं मुंबई इलाख्यात काढली. दख्खनच्या कालव्यांवर उसाला अतोनात पाणी जाऊ नये, लाभ थोड्या लोकांच्या हाती न राहता जास्त गावांना मिळावा, म्हणून त्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला 'ब्लॉक पद्धत' मांडली. एका तुकड्यातल्या ठरावीक भागालाच ऊस, उरलेल्यात कमी पाण्याची पिकं, असा तो हिशेब होता. त्यांच्या जन्मदिवशी, १५ सप्टेंबरला, आमच्या कॉलेजात अभियंता दिन व्हायचा, फोटोला हार घातला जायचा. तो घालायलाच हवा. पण ती पद्धत रोज कालव्यावर चालवली पाटकऱ्यांनी. रात्री दोन वाजता कंदील घेऊन दार उघडणारा, पाळीवरून शिव्या खाणारा, साप तुडवत चारीने चालणारा माणूस तो. कल्पनेला जन्मदिवस असतो. ती चालवणाऱ्याला फक्त पाळी असते.

इंदापूरच्या दुसऱ्या टोकाला उजनी आहे. भीमेवरचं हे धरण १९८०च्या सुमारास पुरं झालं. भिंत सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात, पण फुगवटा पार इंदापूर, करमाळा, दौंडपर्यंत. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. जलाशयाचं नाव यशवंतसागर. या पाण्याखाली जुनं पळसदेव गेलं. कडक उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसनाथाचं देऊळ वर येतं, मग लोक गाड्या काढून बघायला जातात, फोटो काढतात. मीही गेलोय. या पाण्यासाठी ज्यांनी घर, शेत आणि देव दिला त्यांना सरकारी भाषेत शब्द आहे 'प्रकल्पग्रस्त'. म्हणजे जसा दुष्काळग्रस्त, पूरग्रस्त. दात्याला ग्रस्त म्हटलं की त्याचे आभार मानायची गरज उरत नाही. त्याला भरपाई दिली की फाइल बंद.

*

मग आपल्याकडे काम संपल्यावर माणसाची दखल घ्यायची रीतच नव्हती का? होती, आणि पक्की होती. सुगी झाली, खळ्यावर रास पडली की धान्य घरी नेण्याआधी सुतार, लोहार, चांभार, महार, मांग, कुंभार, न्हावी, परीट यांचा वाटा काढायचा. ते बलुतं. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५च्या 'गावगाडा'त हा सगळा व्यवहार तपशिलाने लिहून ठेवला आहे. वर्षभर ज्यांचे हात लागले त्यांचा वाटा राशीतूनच निघायचा. तोंडी आभारांपेक्षा ही पद्धत किती बरी, असं मला आधी वाटलं.

पण ते वाटणं फार टिकलं नाही. बलुत्यातला वाटा जातीने ठरायचा आणि त्याबरोबर कामही जातीनेच गळ्यात पडायचं. डॉ. आंबेडकरांनी १९२८मध्ये मुंबई विधिमंडळात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मांडलं ते याचसाठी. वतनाच्या तुटपुंज्या मोबदल्यात माणूस चोवीस तास राबायला बांधलेला राहतो, हे त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे दखल घेतली जात होती, पण ती दावणीसारखी होती. काम सोडून जायची मुभा नसेल तर मिळालेला मान हा मान नसतो.

आजही आमच्या भागात गळीत हंगामाची सांगता होते तेव्हा उसाचा शेवटचा ट्रॅक्टर सजवतात, गुलाल उधळतात, हलगी वाजते. ज्यांनी तो ऊस तोडला ती बीड-नगरकडची जोडपी मात्र त्या दिवशी 'उचल फिटली की नाही' या हिशेबात असतात. फिटली नाही तर पुढच्या हंगामात यावंच लागतं. गुलाल आणि उचल एकाच दिवशी असते.

उलट टोकाची एक गोष्ट पंचेतची. ६ डिसेंबर १९५९ला दामोदर खोऱ्यातल्या पंचेत धरणाचं उद्घाटन पंडित नेहरूंनी स्वतः न करता तिथल्याच एका मजूर मुलीच्या हातून करवलं. बुधनी मेझान, संथाळ, वय पंधराच्या आसपास. तिने कळ दाबली. स्वतंत्र भारतात मजुराचा एवढा मोठा मान क्वचितच झाला असेल. पण त्या समारंभात गळ्यात पडलेल्या हाराचा अर्थ तिच्या समाजाने लग्न असा लावला. परजातीच्या माणसाशी लग्न झालं म्हणून तिला वाळीत टाकलं. पुढे १९६२मध्ये तिची धरणावरची नोकरीही गेली, ती परत मिळायला दोन दशकांहून जास्त काळ लागला. २०२३मध्ये ती वारली. हेतू चांगला होता यात शंका नाही. पण मान देणारे त्याच दिवशी दिल्लीला परत जातात आणि मान घेणारीला तिथेच राहायचं असतं, हा विचार त्या दिवशी कुणी केला नाही.

*

आजीचं गाव तुकोबांच्या पालखीच्या वाटेपासून फार लांब नाही. पालखी बारामतीवरून सणसर, निमगाव केतकी, इंदापूर करत पंढरपूरला जाते. आजी पूर्वी दरवर्षी जायची. तिला चोखोबांची गोष्ट पाठ आहे आणि मला ती तिच्याकडूनच कळली.

परंपरा सांगते की मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत बांधायचं काम चाललं होतं. महारांना तिथे कामाला लावलं होतं, त्यात चोखोबा होते. भिंत कोसळली आणि मजूर तिच्याखाली गाडले गेले. हे साल १३३८ मानतात. नामदेव पंढरपूरहून मंगळवेढ्याला गेले. ढिगाऱ्यातल्या अस्थी एकमेकांत मिसळल्या होत्या. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची, असं ओळखून त्यांनी ती आणली आणि विठ्ठलाच्या महाद्वारासमोर समाधी बांधली.

लहानपणी मला या गोष्टीतला चमत्कार आवडायचा. आता दुसरंच दिसतं. कामावर मेलेल्या एका मजुराची दखल घ्यायला त्याचा मित्र स्वतः ढिगाऱ्यापर्यंत चालत गेला, आणि कान लावून ऐकल्याशिवाय त्याला कोण कुणाचं ते कळलं नाही. रायगडावर जगदीश्वराच्या पायरीवर हिरोजी इंदुलकरांचं नाव आहे. ते त्यांनी महाराजांकडे मागून घेतलं अशी आख्यायिका आहे. चोखोबांना मागायची सोयच नव्हती. त्यांच्यासाठी कुणीतरी जावं लागलं. आणि त्याच भिंतीखाली गेलेल्या बाकीच्या मजुरांसाठी कुणी गेलं नाही.

*

आता परत आजीच्या तलावाकडे. १९७२-७३च्या दुष्काळात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवरच्या मजुरांची संख्या १९७३च्या उन्हाळ्यात पन्नास लाखांच्या जवळ पोचली होती. खडी फोडणं, रस्ते, नालाबांध, पाझर तलाव. खायला रेशनवरची लाल मिलो आणि कामावर मिळणारी सुकडी. याच अनुभवातून वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना उभी राहिली. तिचा कायदा १९७७मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम हा हक्क कायद्याने देणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य. पुढे २००५चा देशाचा कायदा याच वाटेने गेला.

या सगळ्या कामांचा एक कागद असतो, हजेरीपट. कोनशिला शेवटच्या दिवशी बसते, हजेरीपट रोज भरावा लागतो. नाव, दिवस, मजुरी, सही नाहीतर अंगठा. तो कुणाच्या गौरवासाठी नसतो, पैसे वाटण्यासाठी असतो. म्हणूनच कदाचित तो जास्त खरा असू शकतो. आणि म्हणूनच त्यात खोटंही घुसतं. मेलेल्यांची, गाव सोडून गेलेल्यांची नावं लिहून पैसे उचलले जातात. १९९४मध्ये राजस्थानातल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने जनसुनवाई सुरू केली तेव्हा त्यांनी केलं काय, तर हजेरीपटावरची नावं गावासमोर मोठ्याने वाचली. नाव वाचलं की माणूस उभा राहून सांगायचा, मी हे काम केलं किंवा मी तिथे नव्हतोच. पुढे २००५च्या माहिती अधिकाराच्या कायद्यापर्यंत गेलेल्या वाटेवरचं हे एक मोठं पाऊल होतं. नावांची यादी चारचौघांत वाचणं एवढी साधी ती गोष्ट.

आमच्या धंद्यातही दोन्ही कागद आहेत. १९७०च्या दशकाच्या अखेरीस अटारी कंपनी व्हिडिओ गेमवर प्रोग्रॅमरचं नाव घालत नसे. वॉरन रॉबिनेट नावाच्या प्रोग्रॅमरने 'अॅडव्हेंचर' या खेळात एक गुप्त खोली करून तिथे आपलं नाव लपवून ठेवलं. ते एका मुलाला सापडलं तोवर तो कंपनी सोडून गेला होता. उलट लिनक्सच्या कर्नलमध्ये 'क्रेडिट्स' नावाची साधी फाइल आहे. कुणी काय केलं ते त्यात लिहिलेलं असतं, आणि काम सोडून गेलेल्यांचीही नावं तिथे राहतात. त्या फाइलमध्ये गौरवाचे शब्द जवळजवळ नाहीत. नाव आणि काम, बस्स.

मला वाटतं माझी चूक इथे होती. मी शेवटच्या दिवशी आठवून लिहायला बसलो. आठवण ही कोनशिलेसारखी असते, तिला समोर बसलेले लोक दिसतात. रोजची नोंद माझ्याकडे होती, साडेतीन वर्षांची, एका क्लिकवर. तिच्याकडे मी आभार मानून झाल्यावर गेलो.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी आजीला मोटरसायकलवर बसवून तलावावर नेलं. भरावाच्या टोकाला मागे कधीतरी झालेल्या गाळ काढण्याच्या कामाचा फलक आहे. त्यावर योजनेचं नाव, अंदाजपत्रकीय रक्कम, मंजुरीची तारीख, ठेकेदार. १९७२चं काहीच नाही. आजीला वाचता येत नाही. मी फलक वाचून दाखवला. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही.

"तुझ्याबरोबर कोण कोण होतं?" मी फोन काढून लिहायला लागलो.

ती बोटं मोडत सांगू लागली. "लासुर्णेची हुती. निमगावची थोरली, तिचं प्वार पाळण्यात ठिवलेलं असायचं बाभळीला. कळसची. बेलवाडीची, ती गाणी म्हणायची. एक वडाराची हुती, तिच्यावाणी पाटी कुणी उचलायचं न्हाय. सणसरची, ती तवाच गेली, पटकीनं."

"अगं, पण नावं?"

आजी थांबली. बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली. सासरी आलेल्या बाईला माहेरच्या गावाने हाक मारायची, ही आमच्याकडची रीत. वर्षभर एकाच खड्ड्यात माती उपसलेल्या बायकांची नावं एकमेकींनाही माहीत नव्हती.

"तुला काय म्हणायच्या?"

तिने तिच्या माहेरच्या गावाचं नाव सांगितलं.

मी सहा गावं लिहून घेतली. सातवं तिचं. तारीख म्हणून १९७२-७३ लिहिलं, काम म्हणून 'पाझर तलाव, मातीकाम'. आजीला वाचून दाखवलं. तिने दोन दुरुस्त्या केल्या: कळसच्या दोघी होत्या, आणि सणसरचीचं नाव आधी घे म्हणाली.

परत आल्यावर मी त्या टेस्टरला फोन केला. सार्वजनिक दुसरी मेल पाठवण्याआधी तिला विचारावंसं वाटलं, बुधनीची गोष्ट डोक्यात होती. ती नव्या ठिकाणी आहे, तिथेही कंत्राटावरच. मी माफी मागितली. तिने ती फारशी मनावर घेतली नाही. म्हणाली, "मेल राहू दे. कामाचा दाखला लिहून देशील का? नेमकं काय काय केलं ते लिहून. इथे कायम करायचं चाललंय, उपयोग होईल."

त्या रात्री बसून चुकांची यादी पहिल्यापासून वाचली आणि दाखला लिहिला. अडीच पानं झाली. त्यात मी विशेषण एकही घातलं नाही. तारखा घातल्या, काय पकडलं ते घातलं, आणि खाली सही केली.